नारळाआधीची होडी

बोंबलांचं शेवटचं पोतं आढ्याला टांगून हंसा मचाणावरून खाली उतरली, आणि तिच्या लक्षात आलं की घरातलं सगळं वर गेलं. तांदळाचा हंडा वर गेला. त्याच्या तोंडाला फडकं बांधून कडेनं पिठाचा लगदा थापला होता. जाळं गेलं. मीठ बाटलीत, काड्यापेटी डब्यात, डबा गोधडीत आणि गोधडी वाशाला बांधलेली. कोंबड्यासुद्धा डालग्यात बसून मचाणाच्या टोकाला लोंबत होत्या. खाली उरलं होतं जातं, चूल, सासू आणि पाळण्यातली नवशी.

जिनसांचं सगळं ठरून गेलं होतं. माणसांचं काय करायचं, ते या घरात अजून कोणी बोललं नव्हतं.

आषाढातली अवस होती. पाऊस कधी लागला ते लोक आता विसरले होते. डहाणूच्या खाडीचं राखी पाणी लाल झालं होतं आणि कैनाडच्या बाजूच्या शेतांतून त्यात पेंढ्याचे भारे, बांधावरची झुडपं, एकदा तर मेढीसकट अख्खं छप्पर वाहत आलं होतं. नुसतं वरचं पाणी आलं असतं, तर समुद्रानं पोटात घेतलं असतं. नुसती भरती आली असती, तर अंगणाला पाय लावून परत गेली असती. पण अवसेपासून बीजेपर्यंत भरती रोज चढती, आणि ती भर दुपारी, माणसं जेवायला बसतात त्या वेळेला. वरचं पाणी खाली येणार, खालचं वर चढणार, आणि दोघांच्या मध्ये खाडीकाठचा हा एवढासा पाडा.

"काय गो हंसा, कोंबड्यापन वर?" शेजारची बायजी इरलं पाठीवर घेऊन दारात उभी राहिली. अंगानं थोराड, दार भरून जायचं. "आता अंडी काय वरून टाकनार?"

"टाकली तर तुज्या तोंडात टाकतील," आतून पुतळी म्हणाली. पुतळी म्हणजे हंसाची सासू. सुजलेला गुडघा लांब करून ती भिंतीशी बसली होती आणि कोयत्यानं कुडाचं लिंपण खालून हातभर उकरत होती. पाणी घरात आलंच तर कारवीच्या काड्यांतून आरपार जावं, भिंतीला रेटून पाडू नये म्हणून. "तेवढीच बोलायची बंद होशील."

"मी बंद झाले तर पाड्यात राहील काय? पावसाचा आवाज!" बायजी हसली आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "मोतीराम आला नाय गो अजून?"

हंसानं मान हलवली. मोतीराम, तिचा नवरा, तलासरीला मोठ्या रस्त्याच्या कामाला गेला होता. पावसाळ्यात होड्या वर, हाताला काम नाही. मग खडी टाकायला, माती ओढायला असे दोन-तीन महिने जायचा. पाऊस वाढला की येतो म्हणाला होता. पाऊस वाढून किती वाढला.

बाहेर बायजीचा नवरा भीमा हंसाच्या होडीत दगड टाकत होता. धप्प, धप्प असा आवाज येत होता. मोतीराम नाही, म्हणून शेजारधर्म. होडी घराच्या अंगालाच, ताडाच्या बुंध्याला बांधून झावळ्यांनी शाकारलेली. पावसाळ्यात होडी वर ओढली की तळाचं बूच काढून घ्यायचं, म्हणजे आत पडलेला पाऊस वाहून जातो. पूर येणार असं दिसलं की वरून दगड भरायचे. भोकातून पाणी आत शिरतं, होडी जड होऊन जागीच बसते, खाडी तिला नेत नाही. साऱ्या काठावर हेच चाललं होतं. आपापली होडी वाचवायला प्रत्येक जण दगड वाहत होता.

हंसा ओल्या हातांनी दारात उभी राहिली आणि एकेका होडीकडे बघत गेली. साऱ्या पाड्यानं पुराची तयारी केली होती ती अशी, की पूर आला तर यातली एकही होडी तरंगू नये.

आत नवशी जागी झाली. हंसानं तिला पदराखाली घेतलं. पोरगी प्यायची तेव्हा एक मूठ आईच्या मंगळसूत्राला धरून असायची, जणू कोणी मध्येच ओढून नेईल. किती नवस करून झालेली. दातसुद्धा अजून एकच आलेला, तांदळाच्या कणीएवढा.

"आय," हंसा म्हणाली, "आपन सरावलीला जाऊ. वाट अजून गुडघाभरच हाय. चिकूच्या वाडीत पानी चढत नाय."

"ह्या पायानं? खाजनाच्या चिखलातून?" पुतळीनं गुडघ्यावर हात मारला. "मला कोन नेनार, तुजा बाप? आन मोतीराम येईल तो रिकाम्या घरात येईल काय?"

मोतीराम येईल, या एका शब्दावर ते घर अवसेच्या दिवशी अडून बसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला पाणी घरात आलं. धावत आलं नाही. उकरलेल्या कुडाखालून ते जिभेसारखं आत आलं, चुलीपाशी थांबलं, मग चुलीत शिरलं. निखारा चर्र झाला. हंसानं आधी पाळणा सोडून नवशीला मचाणावर ठेवलं आणि मग सासूला वर चढवायला गेली. तेवढ्यात पाणी पुतळीच्या मांडीपर्यंत आलेलं. दोन्ही हातांनी वासा धरून पुतळी लोंबत राहिली, हंसा खालून रेटत राहिली, आणि वर एकटी ठेवलेली नवशी रांगत मचाणाच्या कडेला आली.

"पोर! पोर बघ!" पुतळी ओरडली.

हंसानं एका हातानं सासूला आणि एका हातानं पोरीचा पाय धरला. ओहोटी लागेपर्यंत कोणाला कसं धरलं होतं, ते पुढे दोघींनाही नीट आठवलं नाही.

पाणी उतरलं तेव्हा भीमा कंबरभर चिखलातून आला. तो तलासरीच्या एष्टीची चौकशी करून आला होता. "गाडी बंद. फरशी पुलावरून पानी चाललंय. तिकडची मानसं तिकडं, हिकडची हिकडं." मग पुतळीच्या तोंडाकडे बघून त्यानं जोडलं, "मोतीराम काय वेडा नाय, मावशी. बसला असंल कुठं छपराखाली विडी फुकीत."

देवाच्या फळीवर, कुंकवाच्या डबीशेजारी होडीचं बूच लाल फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. दर पावसाळ्यात पुतळी ते तिथं ठेवायची आणि नारळी पुनवेला मोतीरामच्या हातात द्यायची. तिनं फडक्याची गाठ घट्ट केली.

"आय, होडीतले दगड काढूया," हंसा म्हणाली.

"कशाला?"

"उद्या बीज. उद्याचा पानी आजच्यापेक्षा मोठा. पोरीला घेऊन होडीत बसू."

"पुनव कधी हाय?"

"माहीत हाय मला कधी हाय ती."

"नारळ दिल्याबिगर होडी पान्याला लागत नाय." पुतळीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुजा सासरा लावून गेला. बोलला, पापलेट आलीत, नारळ काय परवा देऊ. होडी परत आली, हंसा. नीट आली. एक फळी मोडली नव्हती. आत कोन नव्हता." फडक्यावर हात ठेवून ती म्हणाली, "माजा पोरगा त्या तलासरीच्या वाटेवर हाय. तू हिकडं होडी पान्याला लावशील, आन समुद्र तिकडं त्याला मागेल."

"आन माजी पोर? ती हिकडं हाय."

नवशीला उचकी लागली, आणि दोघींचेही हात एकदमच तिच्या पाठीकडे गेले.

बीजेच्या सकाळी पाऊस तसाच. हंसा उठली ती सरळ होडीकडे गेली. झावळ्या ओढून फेकल्या आणि दगड काढायला लागली. एक बाहेर टाकायचा, श्वास घ्यायचा, दुसरा. हातांची साल गेली. पुतळी ओटीवर नवशीला मांडीवर घेऊन बसली होती आणि बघत होती. थांब म्हणाली नाही, काढ म्हणाली नाही.

"ए हंसा, येडी झाली काय?" भीमा पलीकडून ओरडला. "नेईल ना खाडी!"

"माज्या होडीला मी बघते, तू तुजी बघ!"

"बघा, सुनेला जीभ आली," बायजी म्हणाली. "मोतीराम येऊ दे, सांगते." पण तिचा आवाज रोजच्यासारखा मोकळा नव्हता. बोलता बोलता ती खाडीकडे बघत होती.

दगड निघाले. राहिलं ते भोक. हंसानं नारळाचं सोडण फडक्यात गुंडाळलं, ओलं केलं आणि ठोकून बसवलं. वरून कळशी ओतून बघितली. फडक्याच्या कडेनं पाणी पाझरत होतं. तिनं फडकं काढून पुन्हा गुंडाळलं, पुन्हा ठोकलं. पुन्हा पाझरलं. डोळ्यांत पाणी यायला लागलं. ते तिनं खांद्याला पुसलं.

"असला तासभरपन टिकनार नाय."

पुतळी मागं उभी होती. एका काखेत नवशी, दुसऱ्या हातात लाल फडकं. सुजलेल्या पायानं ती ओटी उतरून आली होती.

"ऐक. होडी ताडाला बांधलेली हाय, तशी राहील. वर उचलली पान्यानं, तर उचलू दे. बांधलेली होडी म्हंजे घरच. पन दोर सोडायचा नाय." तिनं सुनेचं मनगट धरलं. "दोर सोडला म्हंजे होडी पान्याला लागली. शपथ घे पोरीची."

"पोरीची नाय घेनार," हंसा म्हणाली. "पन नाय सोडनार."

पुतळीनं तेवढ्यावर भागवलं. बूच तिनं स्वतः ठोकलं.

दुपार व्हायच्या आधीच खाडी उलटी वाहायला लागली. वरून आलेली लाकडं जागच्या जागी गरगर फिरू लागली, मग मागं परतली. तिघी होडीत होत्या. हंसानं ताडपत्रीचा तुकडा वर धरला होता, त्याखाली पुतळी, तिच्या मांडीवर नवशी. शेजारी तांदळाचं गाठोडं, पाणी उपसायला डबा, कोयता, आणि एक लांब बांबू. आधी पाणी होडीच्या बुडाखालच्या ओंडक्यांना लागलं. मग एकदा काहीतरी खालून सुटल्यासारखं झालं, होडी किंचित कलली आणि उचलली गेली.

पुतळीनं डोळे मिटले. ओठ हलत होते.

पाणी चढलं तसा हंसा दोर सैल करत गेली; आखूड ठेवला असता तर होडीचं मागचं टोक खाली ओढलं गेलं असतं. घराच्या दारातून पाणी आत जात होतं आणि पलीकडच्या कुडातून बाहेर येत होतं. भिंती उभ्या होत्या. हंसाच्या मनात आलं, झालं, आता एवढी भरती थांबू दे, ओहोटी लागू दे, की संपलं.

तेवढ्यात बायजीची हाक आली. ती रोजची हाक नव्हती.

बायजीच्या घराला नव्या विटांची भिंत होती, पाड्यात एकुलती. भीमाला तिचा मोठा अभिमान. ती खालून उकरायची कशी? पाणी तिला अडलं, अडलं, आणि आता एका अंगानं भिंत फुगून आत बसली होती. भीमा नि बायजी छपरावर चढले होते. बायजीच्या वजनानं छप्पर मध्ये वाकलं होतं आणि कौलं एकेक करून घसरून पाण्यात पडत होती. त्यांची होडी, दगडांनी भरलेली, कुठं आहे तेही आता दिसत नव्हतं.

"मी पोहीन!" भीमा ओरडत होता. "हिला येत नाय! हिला घे, हंसा, हिला!"

हंसानं बांबू रोवला आणि होडी तिकडं रेटली. दोर ताणत गेला. निम्म्या वाटेवर होडीला हिसका बसला आणि ती थांबली. दोर संपला होता. पुढे बायजीच्या छपरापर्यंत नुसतं लाल पाणी, आणि त्या पाण्याला ओढ होती.

"टाकू काय अंग?" बायजी ओरडली. "हंसा, टाकू काय?"

"नको! थांब!"

हंसानं मागं वळून बघितलं. दोराची गाठ होडीच्या मागच्या खुंटीला होती, पुतळीच्या अगदी हाताशी. बांबू सोडून हंसा तिथं गेली असती, तर होडी फिरून झाडावर आपटली असती. आणि जाऊन करायचं होतं काय? शब्द दिला होता. त्या शब्दात मोतीरामही होता. कमरेपर्यंत पाण्यात, कुठल्यातरी नदीच्या काठाला, अंधार झाल्यासारख्या पावसात तो तिला एकदम दिसला. समुद्र माणूस मागतो यावर सकाळपर्यंत तिनं विश्वास ठेवला नव्हता. आता मात्र तिला तलासरीच्या दिशेला बघवत नव्हतं.

"आय," ती म्हणाली.

पुतळीनं नवशीला तांदळाच्या गाठोड्याला टेकवून आपल्या दोन पायांच्या मध्ये दाबून धरलं. ती मागं वळली.

"कोयता हाय बघ पायाशी," हंसा म्हणाली.

"कापायचा नाय." पुतळीच्या बोटांनी गाठ चाचपली. ओली गाठ, ताणलेली. तिनं दात लावले. एकदा तिनं तलासरीच्या दिशेला, जिथं पावसाशिवाय काही दिसत नव्हतं तिथं, मान वर करून बघितलं आणि पुन्हा दात लावले. गाठ सुटली. दोर पाण्यावर सापासारखा पसरला आणि ताडाकडे मागं गेला.

होडी सुटली. हंसाला विचार करायला वेळ नव्हता. बांबू रोव, रेट, उचल, रोव. छपराच्या कडेला होडी लागली तेव्हा भीमानं पाण्यात उडी टाकून ती खांद्यानं धरली आणि बायजी, कौलांसकट, होडीत आली.

"बुडेल गो," ती रडत म्हणाली, "माज्यानं तुजी होडी बुडेल."

"बस खाली," पुतळी म्हणाली. "आन डबा घे, पानी उपस."

पाणी उतरेपर्यंत ती होडी एका चिंचेच्या फांद्यांत अडकून राहिली. भीमा फांदीवर. बायजी पाणी उपसत होती; बाकी राहिला पावसाचा आवाज.

घर राहिलं. चिखल काढला, चूल घातली, कुड पुन्हा लिंपला. पण मोतीराम आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पुतळी तांदूळ शिजवायची, सुनेला वाढायची, आपण भाताला हात लावायची नाही. ओटीवर वाटेकडे तोंड करून बसायची. तिनं हंसाला एक शब्द बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं हंसाला वाटायचं. नवशीला पाजताना ती पोरीच्या कानात सांगायची, "बाबा येईल हं. येईल." आणि तो शब्द आपल्याच तोंडातून निघताना तिला भीती वाटायची.

तो आला एका सकाळी, सरावलीच्या बाजूनं चालत, गळ्यात चपला अडकवून, दाढी वाढलेली. तलासरीला एका शाळेच्या पडवीत सगळे मजूर अडकले होते. पुतळीनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं, जसं बाजारात मासा चाचपतात. मग "एवढा उशीर?" म्हणाली आणि मागच्या अंगणात जाऊन चिखलानं भरलेलं जातं घासायला बसली. बराच वेळ घासत होती.

बायजी धावत आली. "तुज्या आयनं दोर सोडला म्हनून मी हाय रे! दातांनी सोडला! नायतर मी आता पार समुद्रात असते, मासे माज्यावर बाजार भरवून बसले असते!"

मोतीरामनं आईकडे बघितलं. त्याला त्या दोराचा अर्थ माहीत होता. तो हसून म्हणाला, "मग? मी आलो ना?"

पुतळी जात्यावरून हात न काढता म्हणाली, "पुनव अजून यायची हाय."

पुनव आली. पाऊस उघडला. पाड्यातल्या बायकांनी ठेवणीतली लुगडी काढली, होड्यांना पताका लागल्या. भीमाची होडी चिखलातून उकरून काढली होती. तिच्यातले दगड काढताना त्यानं स्वतःला दिलेल्या शिव्या साऱ्या पाड्यानं ऐकल्या. वाजतगाजत सगळे खाडीवर गेले, नारळ दिले. मोतीरामनं बूच ठोकलं, होडी पाण्यात लोटली, आणि पहिल्या खेपेला निघायला म्हणून पाय उचलला.

"आज नको जाऊ."

त्याला वाटलं आई बोलली. तो वळला. हंसा होती, नवशीला कडेवर घेऊन. आपण हे बोललो, याचंच तिला नवल वाटत होतं. पण शब्द मागं घ्यावेत असं काही तिला वाटलं नाही.

"येडी काय? नारळ दिला ना आता."

"दिला. पन दोर त्याच्या आदी सुटला. नको जाऊ."

आजूबाजूच्या होड्या निघाल्या होत्या. भीमा हाका मारत होता. मोतीराम एकदा बायकोकडे, एकदा आईकडे बघत उभा राहिला. मग त्यानं नवशीच्या गालाला ओला हात लावला, "रातच्या भरतीला येतो," म्हणाला आणि होडीत चढला.

हंसा तिथंच वाळूवर बसली. बाकीच्या बायका गाणी म्हणत घराकडे वळल्या. पुतळीनं सुजलेला पाय सांभाळत, हात टेकत, तिच्या शेजारी बैठक मारली आणि नवशीला आपल्या मांडीवर घेतलं.

"दूध पाजलंस?" तिनं विचारलं.

"पाजलं."

"मग बस," पुतळी म्हणाली, आणि दोघी होडी दिसेनाशी होईपर्यंत आणि ती दिसेनाशी झाल्यावरही समोर बघत बसून राहिल्या.